अर्थवाल्यांच्या दारावर

७ फेब्रुवारी, मंगळवार

स्लॅब पडला. मुलाच्या साइटवरचा.

दुपारी सूनबाईला फोन आला तेव्हा मी हाताला तेल चोळत बसले होते. ती नुसती "हो... हो... बरं" म्हणत होती आणि चेहरा पांढराफटक. मला वाटलं, गेला माझा मुलगा. नाही गेला. संध्याकाळी आला. अंगभर सिमेंटची धूळ, भुवयासुद्धा पांढऱ्या — माझ्याहून म्हातारा दिसत होता. जेवला नाही.

एक मजूर जागीच गेला. मुकादमाचं डोकं फुटलंय. दवाखान्यात आहे, शुद्ध नाही.

"झालं कसं?" विचारलं.

ताटाकडे बघतच बोलला — "मुकादमाने न विचारता खालचे टेकू काढले. स्लॅब ओला होता अजून."

न विचारता! तो मुकादम? मला झटका आल्यावर बाथरूममध्ये धरायला गज बसवायला आला होता, तर प्रत्येक भोकाआधी विचारायचा — आई, इथं पाडू? आई, जरा वर घेऊ? शेवटी मी म्हटलं, बाबा रे, पाड एकदाचं, नाहीतर मीच पडेन!

८ फेब्रुवारी, बुधवार

मुलगा आज घरीच. आतल्या खोलीत पडून आहे. पोलिसांनी जबाब घेतला म्हणे. साइटच्या मालकानेही तेच सांगितलं, मुकादमाची चूक.

हाताचा व्यायाम करून घेणारी मुलगी आली होती. वही बघून खूश झाली. "आजी, किती लिहिलंत! अक्षर सुधारतंय." वाचलं नाही तिने, तसं वचन आहे तिचं. रोज लिहा, काहीही लिहा, कुणी वाचणार नाही, असं तिनेच सांगितलंय. कुणी वाचणार नसेल तर खरं लिहायला हरकत नाही.

शाळा माझी तिसरीपर्यंत. पुढे सगळी गिरणी. नवऱ्याच्या मागे मी एकटीने चालवली. त्या घरघरीत माझा आवाज मोठा झाला, म्हणून सगळ्यांना वाटतं कानही गेले. गेले नाहीत. पण बहिऱ्यासमोर माणसं मोकळी बोलतात, म्हणून मी कुणाचा गैरसमज दूर करत बसत नाही.

११ फेब्रुवारी, शनिवार

आज अर्थवाले आले. मला वाटलं होतं, माणूस मेलाय, येणार नाहीत. आले.

मंडळाचं खरं नाव भलतं लांब आहे. फ्रीमेसन लोकांच्या विधींचा अर्थ शोधणारं मंडळ. मी अर्थवाले म्हणते. फ्रीमेसन म्हणजे म्हणे जुन्या काळच्या गवंड्यांची गुप्त मंडळी. त्यांच्या खुणा, त्यांच्या शपथा, सगळं गुपचूप. मी एकदा विचारलं होतं, तुम्ही ते का? हेडमास्तर दुखावले. "छे छे आजी, आम्ही फक्त अभ्यास करतो." म्हणजे पाण्यात उतरायचं नाही, काठावर उभं राहून हात मारायचे.

चौघं आहेत. रिटायर हेडमास्तर, होमिओपॅथीचे डॉक्टर, वकील आणि माझा मुलगा. गवंडी एकही नाही. त्यातल्या त्यात मुलगा बांधकामावरचा इंजिनियर, म्हणून त्याला मान.

नुसतं वाचून अर्थ कळत नाही, करून बघावं लागतं, असं हेडमास्तरांचं मत. म्हणून करून बघतात. डोळ्यांवर पट्टी, गळ्यात दोर, विजारीचा डावा पाय गुडघ्याच्या वर. खिशातल्या किल्ल्या, घड्याळ, अंगठी — अंगावर धातू म्हणून ठेवायचा नाही. मग सगळं परत घालून चर्चा. गळ्यातला दोर म्हणजे काय यावर दोन शनिवार गेले. डॉक्टर म्हणाले, ती आईची नाळ. नाळ गळ्याभोवती अडकली की काय होतं ते मला विचारा! माझा पहिला तसाच गेला. पण मला कोण विचारणार?

खऱ्या मंडळीत दाराबाहेर एक पहारेकरी असतो, हातात नंगी तलवार. इथे मी. बाहेरची खोली ते घेतात, मला पॅसेजमध्ये खुर्ची. तलवारीच्या जागी काठी. "आजी आमच्या द्वारपाल!" असं म्हणून दर शनिवारी तेवढेच हसतात.

आज विषय काय, तर बांधकामावरचा मृत्यू. त्यांच्या कथेत एक मोठा कारागीर आहे, मंदिर बांधणारा. त्याला त्याचीच माणसं बांधकामावर मारतात. हेडमास्तर म्हणाले, परवाच्या दुर्घटनेमुळे आज या कथेचा अर्थ अधिक खोल लागेल. लागला म्हणे.

मेलेल्या मजुराचं नाव कुणी काढलं नाही. मीही विचारलं नाही. आत्ता लिहिताना लक्षात आलं.

१३ फेब्रुवारी, सोमवार

मुकादमाची बायको आली. दाराबाहेरच बसली.

"आत ये."

"पाय मळलेत आई."

"फरशी पुसता येते. ये."

आली, पण भिंतीला टेकली नाही. भिंत खराब होईल म्हणून असेल. म्हणाली, मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांमध्ये तिच्याशी कुणी बोलत नाही. जो मेला त्याच्या भावाने तिची भांडी रस्त्यावर फेकली. तुझ्या नवऱ्याने माझा भाऊ मारला, म्हणाला. नळावर बायका तिची बादली पायाने बाजूला सारतात.

"नवरा कसा आहे?"

"झोपलाय. डॉक्टर म्हणतात उठेल तेव्हा उठेल. दाराशी पोलीस बसवलाय. उठला की नेणार." मग मध्येच हसली, बाई. "तो पळून जाणार कुठे? घरात पाणी प्यायचं तरी विचारतो, पिऊ का म्हणून. त्याने न विचारता टेकू काढले? आई, साहेबांनी पोलिसांना एवढंच सांगावं, हा माणूस तसा नाही. साहेबांचं ऐकतील ते."

साहेब आतल्या खोलीत. सूनबाई आत जाऊन आली आणि म्हणाली, "ते बाहेर गेलेत."

तेवढ्यात आतून खोकला. तो खोकला त्याच्या जन्मापासून मी ओळखते. साइटवर तीही कामाला, रोज ऐकत असणार. सूनबाईने पदराशी चाळा केला. मी छताकडे बघितलं.

ती उठली. "बरं. आले की सांगा." दारातून वळून म्हणाली, "गज हलत नाही ना आई?"

नाही म्हटलं.

१८ फेब्रुवारी, शनिवार

हे कसं लिहू?

आज अर्थवाल्यांचा विषय गुपित. हेडमास्तर म्हणाले, शपथ म्हणजे काय ते कळायचं तर शपथेला वजन हवं. प्रत्येकाने पट्टी बांधून, दोर घालून, ग्रंथावर हात ठेवून आधी शपथ घ्यायची, मग आपलं एक खरं गुपित सांगायचं. बाकीच्यांनी ते मरेपर्यंत पोटात ठेवायचं. मग त्याचा अर्थ बघायचा.

मी बाहेर काठी धरून. दाराखालून फट आहे, शब्द न् शब्द येतो.

डॉक्टरांचं गुपित — ते स्वतः आजारी पडले की दुसऱ्या डॉक्टरकडे जातात, गोळ्यांवर त्यांचा भरवसा नाही. मला हसू दाबवेना. वकिलांना बायकोची बहीण आवडायची. हेडमास्तरांनी एका मुलाला उगाच नापास केलं होतं, बापाशी वाकडं होतं म्हणून. बरं चाललं होतं. कबूल करताना माणसं किती खूश असतात!

मग मुलाचा आवाज. "टेकू काढायला मी सांगितलं."

आत कुणीतरी पेला ठेवला, त्याचा आवाज आला. नंतर हेडमास्तर — "आपण सगळे शपथेत आहोत."

बस्. एवढंच. मग खुर्च्या सरकल्या आणि सूनबाई चहा घेऊन माझ्याजवळून आत गेली. तिचं तोंड बघितलं. तिला आधीच माहीत होतं का? नसेल. असेल.

२० फेब्रुवारी, सोमवार

हात चालला नाही. चालवला नाही म्हणा.

२२ फेब्रुवारी, बुधवार

सूनबाईला म्हटलं, मला दवाखान्यात ने, मुकादमाला बघायचंय. तिने का म्हणून विचारलं नाही.

दाराशी पोलीस, मोबाइलमध्ये तोंड खुपसून. आत मुकादम. डोकं पांढऱ्या गाठोड्यासारखं. नाकात नळी. हात चादरीवर पडलेले, नखांमध्ये अजून सिमेंट. कुणी काढलं नाही. बायको पायाशी बसून त्याची टाच चोळत होती. मला बघून उभी राहिली.

नर्स बोलघेवडी निघाली. "तुमच्याच घरून फोन येतो ना? साहेब फार काळजी करतात हो. सकाळ-संध्याकाळ विचारतात."

"काय विचारतात?"

"शुद्ध आली का."

"आणि नाही म्हटलं की?"

"मग 'बरं' म्हणून फोन ठेवतात."

बरं म्हणून ठेवतात.

परत येताना गाडीत सूनबाई खिडकीबाहेर बघत होती. मी माझ्या हाताकडे. माझा मुलगा एका माणसाच्या मरणाची वाट बघतोय. सकाळ-संध्याकाळ.

२५ फेब्रुवारी, शनिवार

मला वाटत होतं, तिघांपैकी एकाला तरी घरी गेल्यावर झोप लागली नसेल. आज आले ते तरतरीत. वकिलांच्या काखेत जाड पुस्तक.

जुन्या शपथेत एक पळवाट आहे म्हणे. बंधूचं गुपित माझ्या छातीत राहील — खून आणि राजद्रोह सोडून. वकिलांनी वाचून दाखवलं. आता प्रश्न असा, की हा खून का?

"कायद्याने नाही," वकील. "फार तर निष्काळजीपणा."

"अहो पण माणूस मेला!" डॉक्टर.

"मेला. खून झाला नाही."

हेडमास्तरांना एवढा आनंद! "बघा, एका शब्दात किती विचार केलाय त्या लोकांनी!"

मग मत घेतलं. हात वर करा. डॉक्टरांचा हात उशिरा वर गेला असावा, कारण हेडमास्तर म्हणाले, "पूर्ण वर करा डॉक्टर." मुलगा म्हणाला, प्रश्न माझा आहे, मी मत देत नाही. त्याच्या सचोटीचं कौतुक झालं.

पळवाट लागू नाही असं ठरलं. गुपित गुपितच.

वर आणखी, विधवांना आधार देणं हे त्यांच्या तत्त्वात बसतं, म्हणून मुकादमाच्या बायकोला धान्य आणि दोन चादरी पाठवायच्या असंही ठरलं. अजून विधवा झाली नाही ती, मेल्यांनो!

हे मनात म्हटलं. मोठ्याने म्हणायला हवं होतं.

२६ फेब्रुवारी, रविवार

रविवारी मुलगा माझी उजव्या हाताची नखं काढतो. मला डाव्याने जमत नाही. समोर स्टूल घेऊन बसला, माझा हात मांडीवर घेतला.

मी म्हटलं, "टेकू तू काढायला सांगितलंस."

नेलकटर थांबलं. "आई... तू ऐकलंस?"

"दारात बसवलं होतंत मला. सरणावर नव्हे."

मग बोलायला लागला तो थांबेना. मालकाचा फोन होता, टेकू पुढच्या कामाला हवे होते. अजून थोडे दिवस ठेवायला पाहिजे होते, पण चालतं. नेहमी चालतं. सगळेच काढतात.

"मग हेच सांग पोलिसांना."

"मी आत गेलो तर हे घर कोण बघणार? तुझी औषधं? पोरीचं कॉलेज? आणि मुकादम... त्या लोकांना सवय असते, आई."

"कशाची?"

तो नेलकटरमधली नखं झाडत बसला.

"कशाची सवय असते रे? आत जायची, का मरायची?"

"तो उठेल की नाही तेही माहीत नाही," असं म्हणाला आणि माझं पुढचं नख धरलं. हळूच कापलं. कातडीला जरासुद्धा लागू दिलं नाही. लहानपणापासून हात हलका आहे त्याचा.

मग विचारलं, "किती ऐकलंस?"

"अर्धंमुर्धं," म्हटलं.

१ मार्च, बुधवार

हेडमास्तर आणि वकील आज बुधवारीच आले. माझ्यासाठी! मी ऐकलंय हे मुलाने सांगितलं असणार. हेडमास्तर मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलत होते.

"आजी, आमच्याकडून एक चूक झाली. पहारेकऱ्याला सगळ्यांत आधी शपथ द्यायची असते. तुम्हाला द्यायची राहूनच गेली."

एवढे शिकलेले! दोराचा अर्थ, गुडघ्याचा अर्थ, बुटाच्या नाडीचा अर्थ. आणि दारावरच्या म्हातारीला विसरले. खुर्ची आणि काठी यांच्यामध्ये कुणी बसलंय हेच त्यांच्या लक्षात नव्हतं.

"बाई चालते तुमच्यात?"

"विशेष बाब म्हणून," हेडमास्तर म्हणाले.

वकील जवळ वाकले. "तुमच्याच मुलाचा प्रश्न आहे आजी."

मी जरा वेळ काठी फिरवत बसले. म्हटलं, "घेते. पण मी आत बसले तर दारावर कोण?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. नियमाप्रमाणे कुणीतरी हवंच.

"मी आणते माझा माणूस. शनिवारी."

"त्या माणसाला... ऐकू वगैरे?"

"माझ्यासारखंच."

सुटल्यासारखे हसले. दोघंही.

ते गेल्यावर सूनबाईकडे गेले. भाजी निवडत होती. म्हटलं, शनिवारी कुणी आलं तर दार उघड. ती म्हणाली, "कोण ते मला सांगू नका आई. मी नुसतं दार उघडेन."

३ मार्च, शुक्रवार

दवाखान्याच्या पायऱ्यांवर मुकादमाच्या बायकोला भेटले. धान्य मिळालं म्हणाली. चादरीही. "साहेब देवमाणूस आहेत."

"उद्या संध्याकाळी ते सगळे आत गेले की ये. माझ्या खुर्चीत बसायचं. बोलायचं नाही."

"कशाला आई?"

"ऐकायला."

४ मार्च, शनिवार

आधी सगळा धातू काढला माझा. बांगड्या, कानातलं, चष्मासुद्धा. अंगठी निघेना, साबण लावला. गुडघा उघडा करायचा का नाही यावर कुजबुज झाली. म्हटलं, बघायचाय तर बघा, त्यात आता काही अर्थ उरलेला नाही. मग तो विषय सोडला.

पट्टी मुलाने बांधली. दोर हेडमास्तरांनी घातला. डॉक्टरांनी कंपासचं टोक छातीला टेकवलं आणि विचारलं, "टोचतंय?"

"टोचतं."

"ही खूण लक्षात ठेवा," हेडमास्तर म्हणाले. "गुपित फोडावंसं वाटलं की आठवा."

माझा हात धरून ग्रंथावर ठेवला. "म्हणा — या खोलीत जे ऐकलं—"

"थांबा," म्हटलं. "काय ऐकलं? मी अर्धंमुर्धं ऐकलंय. जे धड माहीतच नाही ते लपवायची शपथ कशी घेऊ?"

वकिलांना पटलं! "मुद्दा बरोबर आहे. अज्ञात गोष्टीची शपथ पोकळ ठरते. सांगा तुम्ही त्यांना."

मुलगा काहीतरी पुटपुटला.

"ऐकू येत नाही."

"टेकू मी—"

"मोठ्याने! गिरणी चालू आहे असं समज."

आणि मग तो ओरडला. माझ्या पोराचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "टेकू काढायला मी सांगितलं! मुकादम नको म्हणत होता! दोनदा नको म्हणाला! मी सांगितलं!"

दोनदा नको म्हणाला. हे मला नवीन.

बाहेर खुर्ची सरकली. दार उघडलं. पट्टीमुळे मला काही दिसत नव्हतं, फक्त अनवाणी पावलं आत आलेली ऐकू आली.

"साहेब," ती म्हणाली. "एवढंच पोलिसांना सांगा. एवढ्या मोठ्यानेसुद्धा नको."

पावलं परत गेली.

पहिले बोलले ते डॉक्टर. "ती शपथेत नाही ना आपल्या?"

मग सगळे एकदम बोलायला लागले. मी पट्टी आणि दोर घालून तशीच बसलेली. कुणाला आठवण नाही. शेवटी सूनबाई आली आणि तिने माझ्या गळ्यातला दोर काढला.

६ मार्च, सोमवार

मुकादमाची बायको काल पोलीस ठाण्यात गेली होती. सगळं सांगितलं तिने. तिथल्या इन्स्पेक्टरने विचारलं, आणखी कुणी ऐकलं? तिने त्या तिघांची नावं दिली, आणि माझं.

हेडमास्तरांनी जबाब दिला, की शनिवारी एका जुन्या विधीचा पाठ चालू होता. त्यात कारागीर मरतो, कबुलीजबाब असतात. बाईने दाराआडून संवाद ऐकला आणि तिचा गैरसमज झाला. बिचारी! नवऱ्याच्या दुःखात आहे. डॉक्टर आणि वकिलांनी तेच सांगितलं. वकिलांनी पुस्तकसुद्धा नेऊन दाखवलं.

संवाद!

ठाण्यातले हसले म्हणे. तिला म्हणाले, बाई, नाटक होतं ते.

७ मार्च, मंगळवार

आज इन्स्पेक्टर घरी आला. चांगला होता बोलायला. माझ्याच वयाची आई आहे त्याला. "आजी, तुम्हीही होतात ना खोलीत? काय ऐकलंत?"

समोर मुलगा. दाढी वाढलेली. दोन्ही हात गुडघ्यांमध्ये दाबून बसला होता, मार खायच्या आधी लहानपणी बसायचा तसा. त्याच्यामागे नात, बापाच्या खांद्यावर हात ठेवून. तिला काही माहीत नाही. तिने माझ्याकडे बघून मान हलवली, सांग ना आज्जी, म्हणून. तिचा बाप निर्दोष आहे हे मी सांगेन असं तिला वाटत होतं.

मी म्हटलं, "मला ऐकू येत नाही हो. गिरणीत कान गेले."

इन्स्पेक्टरने तेच परत मोठ्याने विचारलं. मी कानाला हात लावला आणि मान हलवली. त्याने लिहून घेतलं आणि गेला.

मुलाने माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी पाय ओढून घेतले नाहीत. डोक्यावर हातही ठेवला नाही.

आई आहे, म्हणून केलं. असं लिहिल्याने ते बरं होत नाही. चौघांनी निदान शपथ तरी घेतली होती. मी तर तशीच गप्प बसले.

बाथरूममध्ये गज धरवेना आज. भिंतीला धरून गेले.

९ मार्च, गुरुवार

मुकादम शुद्धीवर आला. सूनबाईने दवाखान्यातून येऊन सांगितलं. डोळे उघडले आणि पहिलं विचारलं — "साहेब निघाले ना बाहेर?"

स्लॅब पडताना माझा मुलगा खाली उभा होता. मुकादमाने त्याला ढकलून बाहेर काढलं. स्वतः राहिला.

मुलाला विचारलं. तो नाही म्हणाला नाही.

मी ठाण्यात निघाले आहे. सूनबाई गाडी आणायला गेली.